एकमार्गी प्रतिमा : दृश्य प्रकाशाच्या सूक्ष्म विवर्तनपटांची रचना आणि घडण

एखाद्या काचेतून अलीकडचे दृश्य पलीकडे स्पष्ट उमटावे, परंतु पलीकडचे दृश्य अलीकडे मुळीच उमटू नये, आणि हे सर्व विजेच्या, चुंबकाच्या किंवा कोणत्याही हलत्या यंत्राच्या साहाय्यावाचून केवळ त्या काचेच्या पृष्ठभागावरील कोरणीच्या बळावर घडावे, ही कल्पना काही वर्षांपूर्वीपर्यंत प्रकाशशास्त्राच्या जाणकारांनाही साशंक करणारी होती. आज ती प्रयोगशाळेत सिद्ध झाली आहे, आणि तिची सिद्धता कोणत्या मार्गाने झाली, त्या मार्गात खरी अडचण कोठे आहे आणि आपल्या प्रांतास त्या मार्गावर पाऊल टाकावयाचे असल्यास ते कोठून टाकता येईल, याचा साकल्याने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम एका गैरसमजाचे निरसन करणे अवश्य आहे. कोकणातील जुन्या घराच्या ओटीवर दुपारच्या वेळी सोडलेल्या चिकाच्या पडद्याआडून आतल्या माणसास अंगण दिसते आणि अंगणातील माणसास आतले काही दिसत नाही, हा अनुभव सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु तेथे प्रकाशाचा मार्ग एकेरी झालेला नसून केवळ बाहेर उजेड अधिक आणि आत कमी आहे एवढीच बाब असते, व दिवेलागणीनंतर ओटीवर कंदील लागला की तोच पडदा उलट साक्ष देऊ लागतो. चौकशीच्या दालनांत बसविल्या जाणाऱ्या अर्धपारदर्शक आरशांचीही गोष्ट हीच आहे. त्यांतून दोन्ही दिशांनी प्रकाश सारख्याच प्रमाणात जातो. तफावत असते ती दोन खोल्यांतील उजेडाची. आपल्यापुढील प्रश्न याहून कठीण आहे, कारण दोन्ही बाजूंस सारखाच उजेड असताना प्रतिमा एकाच दिशेने जावी अशी अट त्यात घातलेली आहे.

या अटीच्या आड निसर्गाचा एक जुना नियम उभा आहे. साध्या, अचुंबकी आणि काळानुसार न बदलणाऱ्या माध्यमातून एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत प्रकाशतरंग ज्या प्रमाणात पोहोचतो, त्याच प्रमाणात तो दुसऱ्यापासून पहिल्यापर्यंत पोहोचतो, हे व्युत्क्रमतेचे तत्त्व एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ आणि पुढे लोरेन्ट्झ यांनी निश्चित केले. त्यातून सुटण्याचा एक राजमार्ग फॅरडेने 1845 मध्येच दाखवून दिला होता : चुंबकाच्या प्रभावाखालील काचेतून जाताना प्रकाशाची ध्रुवणदिशा वळते आणि परतीच्या वाटेवर ती पूर्ववत होण्याऐवजी आणखी वळते, व त्याच शतकाच्या उत्तरार्धात लॉर्ड रॅली यांनी या गुणधर्मावरून प्रकाशाचे एकमार्गी द्वार बनविता येईल असे सुचविले. लेसर यंत्रांत आज अशीच द्वारे वापरली जातात. परंतु त्यांना बळकट चुंबक लागतो, विशिष्ट गार्नेट स्फटिक लागतो, दोन ध्रुवक लागतात, आणि एवढे करूनही ती एका बारीक किरणशलाकेपुरती उपयोगी पडतात. विस्तीर्ण दृश्याची प्रतिमा नेण्यास ती गैरसोयीची ठरतात. म्हणून चुंबकाचा मार्ग सोडून, नियम न मोडता त्याच्या चौकटीत राहूनच काही तजवीज करता येते काय, असा विचार पुढे आला, आणि तो विवर्तनाच्या शास्त्रातून आला.

या शास्त्राची वंशावळ रत्नागिरीच्या वाचकास समजावून सांगण्यास फार दूर जावे लागत नाही. मिरकरवाड्याच्या बंदरात रात्री परतणाऱ्या होड्यांना ज्याचा आधार वाटतो, त्या रत्नदुर्गाच्या टेकडीवरील दीपगृहासारखी दीपगृहे समर्थ झाली ती ऑगस्तँ फ्रेनेल या फ्रेंच अभियंत्याच्या कल्पकतेने. जाड भिंगातील निरुपयोगी काच काढून टाकून त्याचा वक्र पृष्ठभाग वर्तुळाकार पायऱ्यांत मोडावा आणि त्याच सामर्थ्याचे, पण वजनाने हलके भिंग सिद्ध करावे, ही त्याची युक्ती 1823 मध्ये फ्रान्सच्या कोर्दुआँ दीपगृहात अंमलात आली. ही पायरी दीपगृहाच्या भिंगात डोळ्यांनी दिसण्याइतकी मोठी असते आणि तेथे काम चालते ते अपवर्तनाचे. तीच पायरी लहान करीत करीत प्रकाशाच्या एका तरंगलांबीएवढ्या कलांतरापर्यंत आणली, म्हणजे प्रत्येक कड्यातून निघणारे तरंग एकमेकांस पूरक किंवा मारक होऊ लागतात, आणि अपवर्तनाचे भिंग विवर्तनाचा पट बनते. विशेष हे की, प्रकाश हा तरंग आहे हे विवर्तनाच्या गणिताने सिद्ध करून पॅरिसच्या अकादमीचे पारितोषिक मिळविणारा आणि दीपगृहाचे भिंग घडविणारा फ्रेनेल हा एकच पुरुष होता. त्याच्या हयातीत मात्र या दोन कृत्यांचा संगम घडून आला नाही; त्यासाठी आणखी दीड शतक जावे लागले.

मधल्या काळातील एक प्रसंग आपल्या किनाऱ्याशी निगडित आहे. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणाची छाया हिंदुस्थानावरून गेली, तेव्हा त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यात मोडणारा विजयदुर्ग तिच्या मार्गात होता, आणि तेथील किल्ल्यावरच्या निरीक्षणाची आठवण स्थानिक परंपरेने आजवर जपली आहे. हेलियमच्या शोधाचे श्रेय ज्यास दिले जाते तो नॉर्मन लॉकियर मात्र, समजूत काहीही असली तरी, त्या दिवशी हिंदुस्थानात नव्हता. त्याने सूर्याच्या कडेवरील ज्वाळांचे वर्णपट त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात इंग्लंडमधून, ग्रहणावाचून टिपले. ही दुरुस्ती केल्याने विजयदुर्गाचे महत्त्व उणे होत नाही. त्या काळी सूर्यप्रकाशाचे पृथक्करण करणारी उपकरणे बहुधा लोलकांची असत. पुढे 1882 च्या सुमारास हेन्री रोलँड याने अमेरिकेत रेघा ओढण्याचे अतिसूक्ष्म यंत्र सिद्ध केल्यावर विवर्तनजालीने लोलकास मागे टाकले. समांतर रेघांची ती जाली म्हणजे आजच्या विवर्तनपटाचे सर्वांत साधे रूप होय, आणि तिचे यश सर्वस्वी यंत्राच्या अचूकतेवर अवलंबून होते, ही गोष्ट वाचकाने ध्यानात ठेवावी.

संगणकाच्या आगमनानंतर या शास्त्रास नवे वळण लागले. 1969 मध्ये आयबीएमच्या लेसेम, हिर्श आणि जॉर्डन यांनी प्रकाश मुळीच न अडविता त्याची केवळ कला, म्हणजे तरंगाच्या चढउताराची स्थिती, बदलणारा पट गणिताने काढून दाखविला. 1972 मध्ये गर्चबर्ग आणि सॅक्स्टन यांनी इच्छित प्रतिमेवरून पटाची आकृती उलट शोधून काढण्याची रीत दिली. आणि 1980 नंतरच्या दशकात अमेरिकेच्या लिंकन प्रयोगशाळेत वेल्डकॅम्प व त्यांचे सहकारी यांनी इलेक्ट्रॉनिक चिप बनविण्याच्या साधनांनीच काचेत पायऱ्या कोरण्याची पद्धत रूढ केली. या पद्धतीत एक सुंदर हिशेब आहे. एक मास्क, म्हणजे आकृतीचा साचा, वापरून खोलीच्या दोन पातळ्या मिळतात, दोन वापरून चार, तीन वापरून आठ. आणि पातळ्या दोन असताना सुमारे 40 टक्के, चार असताना 81 टक्के, आठ असताना 95 टक्के प्रकाश इच्छित दिशेने जातो. तीन कोरण्यांत एवढे साधत असता चौथी कोरणी क्वचितच परवडते.

एकमार्गी प्रतिमेचा प्रश्न या परंपरेस जोडला तो कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील आयदोगान ओझ्जान यांच्या संशोधनमंडळाने. 2018 मध्ये या मंडळाने एकामागे एक ठेवलेल्या विवर्तनपटांच्या मालिकेस संगणकीय शिकवणुकीने आकार देऊन तिच्याकडून हस्तलिखित अंक ओळखण्याचे काम करून घेतले. ते पट त्रिमितीय मुद्रणाने बनविलेले होते आणि प्रकाशाऐवजी 0.75 मिलिमीटर लांबीचे टेराहर्ट्झ तरंग वापरलेले होते. 2023 मध्ये त्याच मंडळाने अशा पटमालिकेने एका दिशेस प्रतिमा नेणारी व उलट दिशेस ती विसकटून टाकणारी रचना प्रसिद्ध केली. तिचीही पडताळणी टेराहर्ट्झ तरंगांवरच झाली. त्यानंतर ब्रॉडकॉम कंपनीच्या सहकार्याने शुद्ध सिलिकाच्या काचतबकड्यांवर कोरलेल्या बहुस्तरी पटांनी हेच कार्य दृश्य प्रकाशाच्या विस्तृत पट्ट्यात करून दाखविले गेले, व तो वृत्तांत 2024-25 मध्ये विद्वानांपुढे आला.

मग व्युत्क्रमतेचा नियम मोडला काय? मोडला नाही, आणि माझ्या मते या संपूर्ण विषयातील सर्वांत मनोज्ञ भाग तो हाच. नियम एवढेच सांगतो की, ज्या विशिष्ट तरंगरूपाने प्रकाश बाहेर पडला, तेच तरंगरूप तंतोतंत उलटवून परत पाठविले तर तो मूळ ठिकाणी पोहोचेल. आता पटमालिका अशी रचावी की, अलीकडून सरळ, शांत कलेचा तरंग शिरला असता तो पलीकडे तीव्रतेच्या दृष्टीने प्रतिमा उमटवील, परंतु त्याची कला मात्र अंतराअंतरावर झपाट्याने बदलणारी, म्हणजे तिरप्या दिशांत विखुरलेली असेल. पलीकडच्या नेत्राचे किंवा कॅमेऱ्याचे त्यात काही अडत नाही, कारण त्यास कळते ती तीव्रता. परंतु पलीकडची वस्तू जेव्हा आपला प्रकाश पाठविते, तेव्हा तो स्वाभाविक, शांत कलेचाच असतो. ते तरंगरूप परतीच्या त्या विशिष्ट वाटेचे नसते, आणि पटमालिका त्यास दृष्टिक्षेत्राबाहेर नेऊन सोडते. म्हणजे दार दोन्ही बाजूंनी सारखेच उघडे आहे. मात्र एका बाजूस सामान्य प्रवाशाची वाट त्यातून जाते आणि दुसऱ्या बाजूस जात नाही. यावरून एक मर्यादाही उघड होते. कोणी हेतुपुरस्सर ते विशिष्ट तरंगरूप घडवून पलीकडून पाठविले, तर ते अलीकडे येईलच. सबब या रचनेस चुंबकीय द्वाराची जागा घेता येणार नाही. लेसरच्या संरक्षणासाठी तिचा उपयोग सुचविणारे लिखाण वाचताना ही मर्यादा स्मरणात असावी.

रचनेचे गणित थोडक्यात असे. पटाच्या प्रत्येक सूक्ष्म कणाची खोली हे एक अज्ञात मानतात, आरंभी सर्व खोल्या यदृच्छेने ठरवितात, नमुन्यादाखल हजारो चित्रे दोन्ही दिशांनी संगणकात त्या पटांतून पाठवितात, आणि सुलट प्रतिमेतील दोष, सुलट दिशेस वाया गेलेला प्रकाश व उलट दिशेस निसटलेले साम्य या तिन्हींचा मिळून एक दंड आकारून तो कमी होईल अशा रीतीने प्रत्येक खोली किंचित बदलीत जातात. हे काम आज कोणत्याही बऱ्या महाविद्यालयातील संगणकावर लहान प्रमाणात करता येण्याजोगे आहे, आणि म्हणूनच त्याविषयी यापेक्षा अधिक लिहीत नाही.

खरा विषय आहे तो घडणीचा. टेराहर्ट्झपासून दृश्य प्रकाशापर्यंत येणे म्हणजे तरंगलांबी सुमारे 1,400 पटींनी कमी करणे, आणि तरंगलांबीबरोबर प्रत्येक मापही त्याच पटीने आकुंचित होते. 2018 च्या त्या मालिकेतील सर्व पटांत मिळून सुमारे 2 लाख घटक होते. दृश्य प्रकाशासाठी अर्ध्या मायक्रोमीटरच्या अंतराने घटक मांडले, तर एक चौरस सेंटिमीटरच्या एकाच पटात ते 40 कोटी होतात. इतके घटक इलेक्ट्रॉन किरणाच्या लेखणीने एकेक करून लिहिणे हे पुष्कळ वेळेचे काम असल्यामुळे ती लेखणी केवळ मास्क लिहिण्यास वापरतात, आणि मास्कवरील आकृती चौपट लहान करून अतिनील प्रकाशाने तबकडीवर पाडतात. 248 नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशाची यंत्रे, जी चिपच्या धंद्यात आता जुनी समजली जातात, ती येथे पुरेशी होतात, ही आपल्यासारख्या देशास फार मोलाची गोष्ट आहे. या विद्येस अत्याधुनिक कारखाना लागत नाही. लागते ती शिस्त.

ती शिस्त कोणती, हे एका मापावरून कळेल. शुद्ध सिलिकाचा अपवर्तनांक सुमारे 1.46 आहे, त्यामुळे 550 नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशास पूर्ण एका तरंगाचे कलांतर देण्यास 1.2 मायक्रोमीटर खोली पुरते, आणि ती आठ पातळ्यांत विभागल्यास एक पायरी येते 150 नॅनोमीटरची. प्रकाशसंवेदी लेप फिरत्या तबकडीवर सारखा पसरावयाचा, आकृती पाडावयाची, लेप धुऊन काढावयाचा, फ्लोरिनयुक्त वायूंच्या आयनद्रवात उघडी काच कोरावयाची, आणि हे चक्र तीनदा करताना प्रत्येक वेळी नवी आकृती जुन्या आकृतीवर काही दशक नॅनोमीटरच्या आत जुळवावयाची. जुळणी चुकली की पायरीच्या कडेस बारीक कंगोरे उभे राहतात आणि त्यांवरून प्रकाश विखुरतो. कोरणी कमीअधिक झाली की दोष अधिक गंभीर होतो, कारण मग प्रकाशाचा काही अंश पटाची आज्ञा न मानता सरळ निघून जातो. आणि हा सरळ जाणारा अंश दोन्ही दिशांस सारखाच असल्यामुळे, ज्या एकमार्गीपणासाठी सर्व खटाटोप केला, त्यावरच तो घाला घालतो. शिवाय अरुंद खाचेत आयन आणि वायू कमी पोहोचून ती रुंद खाचेपेक्षा उथळ राहते, म्हणून कारागिरास एकाच तबकडीवर वेगवेगळ्या रुंदीच्या खाचांचा वेगवेगळा हिशेब ठेवावा लागतो. काच पारदर्शक असल्याने यंत्रांच्या नेत्रांस ती दिसतच नाही आणि ती विद्युद्रोधक असल्याने स्थिरविजेच्या पकडीने नीट धरताही येत नाही. सिलिकॉनसाठी उभारलेली सगळी यंत्रमाला अशा वेळी अडखळते, आणि पाठीस धातूचा किंवा अपारदर्शक लेप देऊन तिची समजूत घालावी लागते.

इतके करून सिद्ध झालेले पट शेवटी एकमेकांसमोर ठरावीक अंतरावर बसवावयाचे असतात. येथे संशोधकांनी शहाणपणाची वाट काढली आहे : रचनेच्या वेळीच संगणकातील पटांना यदृच्छेने थोडे सरकवून, थोडे तिरके करून शिकविले, म्हणजे निघणारी रचना आदर्श स्थितीत किंचित उणी असली तरी प्रत्यक्षातील चुकांस अधिक सहनशील होते. रचनाकाराने कारागिराच्या हाताची मर्यादा आपल्या गणितात आधीच धरावी, हे तत्त्व मला या विषयापुरतेच नव्हे तर आपल्या एकूण अभियांत्रिकी शिक्षणासाठी मननीय वाटते. आपल्याकडे रचना एका खोलीत आणि घडण दुसऱ्या गावात अशी जी फारकत पडली आहे, तिच्यामुळे दोन्हींचे नुकसान झाले आहे.

रंगाची अडचण वेगळी सांगावी लागेल. 550 नॅनोमीटरसाठी कोरलेल्या पटावर 450 नॅनोमीटरचा निळा प्रकाश पडला, तर तीच खोली त्यास सव्वापट वाटते. इच्छित दिशेचा भाग सुमारे 85 टक्क्यांवर येतो आणि विवर्तनाचा कोनही बदलतो. कॅनन कंपनीने 2001 मध्ये छायाचित्रकारांसाठी विवर्तनी घटक असलेले लांब पल्ल्याचे भिंग बाजारात आणले, त्यात काचेच्या भिंगांचा वर्णदोष विवर्तनाच्या उलट वर्णदोषाने छेदलेला होता, म्हणजे तेथे हा दोषच गुण ठरला. एकमार्गी पटास ही सवलत नाही. त्याने अनेक रंगांवर एकदम शिकून, अनेक स्तरांत तो भार वाटून घ्यावा, एवढाच उपाय सध्या हाती आहे, आणि अशा वेळी सुलट दिशेच्या तेजाचा काही भाग सोडून द्यावा लागतो.

या पटांचा उपयोग काय, असे वाचक विचारील. ज्या यंत्राने बाहेरचे पाहावे परंतु आपले अंतरंग दाखवू नये अशी सैनिकी उपकरणे, परावर्तित प्रकाशाने त्रस्त होणारे कॅमेरे, खाजगीपणा राखणारी दर्शनयंत्रे, अशी नावे घेतली जातात. यांपैकी पहिल्या प्रकाराविषयी माझ्या मनात गंभीर चिंता आहे. पाहणारा अदृश्य राहून पाहिला जाणारा उघडा पडावा, ही सत्तेची फार जुनी आकांक्षा आहे, आणि तिला इतके स्वस्त व निर्जीव साधन लाभत असताना त्याच्या वापरास कायद्याची मर्यादा घालण्याचा विचार ते साधन बाजारात आल्यानंतर नव्हे तर आधी व्हावयास हवा.

आता आपल्या प्रांताकडे वळू. जुन्या रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण भागात, कणकवली तालुक्यातील कासार्डे आणि फोंड्याच्या परिसरात सिलिकाची वाळू निघते आणि ती काचेच्या व ओतकामाच्या कारखान्यांस जाते. यावरून प्रकाशीय काचेचा कच्चा माल आपल्या दारात आहे असे कोणी म्हणेल, तर ते अर्धसत्य होईल. विवर्तनपटांसाठी लागणारी शुद्ध सिलिका वाळू वितळवून नव्हे, तर सिलिकॉनच्या संयुगांची वाफ ज्योतीत जाळून थराथराने साठवितात. वाळू आपली असली तरी मूल्य त्या शुद्धतेचे आहे. अर्धवाहक उद्योग रत्नागिरीत येणार अशा घोषणा अलीकडे ऐकू येतात. त्यांचे स्वागतच आहे, परंतु कारखान्याची जमीन मिळणे निराळे आणि 150 नॅनोमीटरची पायरी रोज तीच यावी असा हात तयार होणे निराळे.

तो हात तयार करण्याची सोय महाराष्ट्रात आहे, आणि देशात इतरत्रही आहे. मुंबईच्या आयआयटीत 2006 पासून उभे राहिलेले सूक्ष्मघडणीचे केंद्र इलेक्ट्रॉन किरणाच्या लेखणीपासून आयनद्रवी कोरणीपर्यंतची साधने बाळगून आहे, आणि केंद्र सरकारच्या नॅनोइलेक्ट्रॉनिक्स वापरकर्ता योजनेखाली बाहेरच्या महाविद्यालयांतील अध्यापक व विद्यार्थी यांना तेथे शिकण्याची व काम करण्याची तरतूद आहे. मराठी माणसास परके नसलेल्या इंदूर येथे डॉ. दिलीप भवाळकरांनी उभ्या केलेल्या प्रगत तंत्रज्ञान केंद्रात सिंक्रोट्रॉनच्या क्ष-किरणांनी सूक्ष्म आकृती कोरण्याची किरणशाखाही आहे. मोहालीच्या सरकारी अर्धवाहक प्रयोगशाळेची 180 नॅनोमीटरची यंत्रमाला या कामाच्या मापांस पुरण्याजोगी आहे; काचेच्या तबकड्यांस तेथे स्वतंत्र जागा मिळावी एवढा प्रश्न धोरणाचा आहे.

चंद्रशेखर वेंकट रामन यांनी वयाच्या अठराव्या वर्षी, 1906 मध्ये, मद्रासच्या महाविद्यालयातील साध्या वर्णपटमापकावर काम करून आपला पहिला शोधनिबंध प्रसिद्ध केला, आणि तो विवर्तनावरच होता. रत्नागिरीच्या महाविद्यालयांत तसा वर्णपटमापक आहे, संगणक आहे, आणि गणितात रमणारी मुलेही आहेत. या महाविद्यालयांच्या चालकांना माझी विनंती अशी की, भौतिकशास्त्र आणि इलेक्ट्रॉनिक्स या दोन विभागांनी मिळून दोन पातळ्यांचा एक साधा विवर्तनपट स्वतः आखावा, वापरकर्ता योजनेखाली तो मुंबईत कोरून आणावा आणि त्याची खोली, त्याचे तेज व त्यातील दोष येथे मोजावेत. एकमार्गी प्रतिमेपर्यंत जाण्यास तेथून पुढे आणखी दोन मास्क आणि पुष्कळ धीर लागेल, पण पहिला पट याच शैक्षणिक वर्षात कोरून आणता येईल.